हिरड्या फुगल्यात? आधी गोळ्यांचा डबा पाहा!

मैत्रिणींनो, आमच्या सासूबाईंना भाकरी भारी प्रिय. पण गेल्या वर्षी त्या ती दुधात कुस्करून खाऊ लागल्या. हसताना पदर तोंडापाशी जायचा. विचारलं तर म्हणायच्या, "अगं, वय झालं आता!" शेजारच्या काकूंनी मशेरी लावायला सुचवलं. मशेरी म्हणजे तंबाखूच. तिच्या वाटेला जाऊ नका.

एक दिवस मीच त्यांना उजेडात बसवून पाहिलं. पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगून दातांवर चढलेल्या! दुखत मात्र नव्हत्या. दातांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे?" वर्षभर अ‍ॅम्लोडिपीन चालू होती.

दातांचा आणि रक्तदाबाचा काय संबंध, असं मलाही वाटलं. पण अ‍ॅम्लोडिपीन, निफेडिपीन या जातीच्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात, सगळ्यांच्या नव्हे. निफेडिपीनबद्दल हे १९८४ सालीच नोंदलं गेलं. फिट येऊ नये म्हणून देतात त्या फेनिटॉइननंही असं होतं. दातांवर कीटण साचलं की वाढ जास्त, आणि वाढलेल्या हिरडीमुळे ब्रश नीट फिरत नाही म्हणून कीटण आणखी!

खरी चूक पुढंच झाली. "गोळीनंच झालं ना? मग गोळीच नको," असं म्हणून सासूबाईंनी कुणाला न सांगता ती बंद केली. काही दिवसांनी डोकं दुखू लागलं. दाब मोजला, तर वरचा आकडा १९०! त्यांचं डोकं तरी दुखलं. पुष्कळांना काहीच कळत नाही आणि एकदम अर्धांगवायू गाठतो.

मग आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची गोळी दिली, दातांच्या डॉक्टरांनी कीटण काढलं. काही महिन्यांत हिरड्या बऱ्याच खाली बसल्या. काहींना वाढलेला भाग कापून काढावा लागतो. आमचं एवढ्यावरच निभावलं.

तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा. दातांच्या डॉक्टरांनाही ती दाखवा. सकाळी आणि रात्री मऊ ब्रशनं दात घासायला लावा. आणि गोळी बदलायची ती डॉक्टरांनीच, आपण नव्हे.

परवा सासूबाईंनी ज्वारीची भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली आणि हसल्या. पदर खांद्यावरच होता!