बारावा की तेरावा?

दूरदर्शन नुकतं रंगीत झालं होतं ते 1982 च्या आसपासचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना कार्यक्रमापूर्वी पडद्यावर दिसणाऱ्या उभ्या रंगीत पट्ट्याही आठवत असतील. त्या दिसल्या की घरात कुणीतरी म्हणायचंच, ‘अजून वेळ आहे, चहा टाका.’ त्याच पट्ट्यांनी पुढे एकदा मला असं फसवलं, की आजही आठवण झाली की कान गरम होतात.

2003 सालचा पावसाळा. मुंबईतल्या एका वाहिनीत मी अभियंता होतो. आमच्याकडे चित्रांचा राउटर होता. आता घरोघरी इंटरनेटसाठी लुकलुकतो तो हा नव्हे. हे कपाटाएवढं यंत्र. कॅमेरे, टेप, उपग्रह यांच्याकडून 64 तारा आत येत आणि 64 बाहेर जात. आतली कुठलीही तार बाहेरच्या कुठल्याही तारेला जोडता यायला हवी, म्हणजे 4096 जोड! एक कीर्तन हजार जण ऐकू शकतात, पण एक श्रोता एका वेळी एकच कीर्तन ऐकतो. राउटरचा नियमही नेमका हाच.

मात्र या कपाटाला स्वतःची अक्कल नसते. कुणाला कुणाशी जोडायचं हे सांगते ती वेगळी नियंत्रण यंत्रणा. ती जुनी झाली होती आणि नवी बसवायचं काम माझ्याकडे आलं. मुदत एका रात्रीची. शेवटचं बातमीपत्र संपल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत.

दोन्ही यंत्रांना जोडणारी केबल नऊ पिनांची. दोन तारा बोलायच्या, दोन ऐकायच्या, एक जमिनीची. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागायला हवं. पहिला तासभर काहीच घडेना. आमचे जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणत, केबलकडे बघून म्हणाले, ‘‘साहेब, दोघंही बोलताहेत. ऐकतंय कोण?’’ तोंडाला तोंड जोडलं गेलं होतं! तारा बदलल्या. मग बोलण्याचा वेग दोन्हीकडे सारखा केला, सेकंदाला 38,400 बिट. पावणेतीनला राउटरनं पहिल्यांदा होकार दिला. काकांनी थर्मासमधला चहा ओतला.

उरली होती नावांची यादी. कुठल्या क्रमांकावर कुठला कॅमेरा, हे यंत्रणेला सांगणारी. ती बहुतेक तयारच आली होती. फक्त बाराव्या जागेवर हवामानाचा कॅमेरा ऐनवेळी आला, म्हणून ती एक ओळ मी हातानं भरली. बारावा, म्हणून 12 लिहिलं. आपण एकपासून मोजतो. यंत्रं आपसात शून्यापासून मोजत होती. त्यांच्या भाषेत 12 म्हणजे तेरावा!

मी तपासलं नाही असं नाही. बटण दाबलं, दिवा लागला, जोड झाल्याचा निरोप आला. मॉनिटरवर रंगीत पट्ट्या दिसल्या. पण त्या वेळी सगळेच कॅमेरे पट्ट्या दाखवत होते. बाराव्याच्या आणि तेराव्याच्या पट्ट्यांत फरक तो काय असणार?

सकाळचं हवामान एकाच कॅमेऱ्यावर व्हायचं, म्हणून ते राउटरवरून थेट प्रक्षेपणाला जोडलेलं असे. वेळ झाली. पाळीवरच्या नव्या मुलानं बटण दाबलं. आणि महाराष्ट्राला हवामानाऐवजी शेजारच्या स्टुडिओतले एक वयोवृद्ध गायक दिसले. मुलाखतीपूर्वी ते शांतपणे कवळी बसवत होते. माइक लावायचा होता, एवढंच नशीब. मुलानं जुनं चित्र परत आणेपर्यंत सहा-सात सेकंद गेले असतील.

अर्ध्या तासात वरिष्ठांसमोर त्या मुलाची उभ्या उभ्या चौकशी सुरू झाली. चुकीचं बटण दाबलंस, हा आरोप. तो रडवेला होऊन सांगत होता, ‘‘सर, मी हवामानाचंच दाबलं.’’ यादी उघडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. त्याची नोकरी कायम व्हायची होती, माझी झालेली होती. काका माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. ‘‘चूक माझी आहे,’’ मी म्हणालो. लेखी खुलासा द्यावा लागला.

बुवांची क्षमा मागायला गेलो. ते म्हणाले, ‘‘घरी नातवंडं पाहत होती हो. असो. स्वर दातांवर थोडाच अवलंबून असतो!’’ ते हसले, मला मात्र हसता आलं नाही.

त्या रात्री दोन्ही यंत्रांचं पूर्ण एकमत होतं. फक्त ते चुकीच्या गोष्टीवर होतं. त्यानंतर मी नियम केला: तपासणीच्या वेळी प्रत्येक कॅमेऱ्यासमोर जाड शाईनं क्रमांक लिहिलेला कागद धरायचा आणि तो क्रमांक दुसऱ्या टोकाला डोळ्यांनी वाचायचा.

आता नव्या स्टुडिओंत चित्रं संगणकाच्या जाळ्यावरूनही धावतात, नऊ पिनांची केबल मागे पडत चालली आहे. पण यादी अजून माणूसच तपासतो. हाताखालच्या मुलांना मी एवढंच सांगत आलो, की दिव्यावर जाऊ नका, कागद वाचा. आणि चुकलंच, तर बटण दाबणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी यादी कुणी लिहिली ते बघा.