फिर्यादीपासून साक्षीपर्यंत : अत्याचारग्रस्तांच्या सोबतीचा मागोवा

लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीबरोबर पोलीस ठाण्यात, रुग्णालयात आणि न्यायालयात कोणी जाणते माणूस असावे, ही अपेक्षा महाराष्ट्रात आंदोलनातून पुढे आली. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पुढची चार दशके जे काम झाले, त्याला वारंवार याच समजुतीशी झगडावे लागले.

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून निकालाला जाहीर आक्षेप घेतला. मुंबईत 1980 च्या सुरुवातीला ‘फोरम अगेन्स्ट रेप’ स्थापन झाले आणि त्या वर्षीच्या 8 मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली, सुनावणी बंद दालनात होऊ लागली आणि पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. पण फिर्याद द्यायला निघालेल्या बाईला सोबत कोणाची, याचे उत्तर त्या दुरुस्तीत नव्हते.

ते उत्तर तुकड्या-तुकड्यांनी तयार झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारातच बसू लागल्या. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडितेला पोलीस ठाण्यापासूनच वकिलाची मदत मिळावी, असे सांगितले. ते बरीच वर्षे कागदावरच राहिले.

खरा पल्ला गाठला गेला तो रुग्णालयात. ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र उभे केले. प्रामुख्याने घरगुती हिंसाचारासाठी सुरू झालेल्या या कामाचा अनुभव पुढे उपयोगी पडला. 2008 पासून ‘सेहत’ने महापालिकेच्या तीन रुग्णालयांत लैंगिक अत्याचारानंतरच्या वैद्यकीय सेवेची पद्धत घालून दिली. त्याआधी डॉक्टरांचे लक्ष पुराव्याकडे असे. बाईचे दुखणे, गर्भ राहण्याची भीती, झोप उडणे याकडे बघायला कोणी नसे. तपासणीत ‘टू-फिंगर टेस्ट’ (योनीमार्गात दोन बोटे घालून केलेली तपासणी) सर्रास होई आणि ती ‘संबंधांची सवय’ असल्याचा शेरा मारायला वापरली जाई. सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांतील उणिवा अहवालातून मांडल्या आणि हा विषय नागपूर खंडपीठापुढे गेला.

नव्या पद्धतीत समुपदेशक आधी बाईला बसवते, पाणी देते, पुढे काय-काय होणार ते सांगते. संमती एकाच सहीत उरकली जात नाही. तपासणी, नमुने घेणे आणि पोलिसांना कळवणे यांबद्दल वेगवेगळे विचारायचे असते. नमुने द्यायला नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत. एचआयव्हीपासून बचावाची औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती 28 दिवस घ्यायची असतात, म्हणून पहिल्या भेटीइतकाच पुढचा पाठपुरावाही मोलाचा असतो. जखम न दिसण्याची कारणेही डॉक्टरने लिहून ठेवणे अपेक्षित असते : धमकी, गुंगीचे औषध, तपासणीला झालेला उशीर, भीतीने गोठून जाणे. 1978 च्या त्या निकालाला इतके नेमके उत्तर दुसरे क्वचितच असेल, आणि ते केसपेपरवर मिळाले.

न्यायालयातील सोबतीची बाजू ‘मजलिस’ या वकील स्त्रियांच्या संस्थेने 2011 पासून ‘राहत’ या उपक्रमातून उचलली. जबाबापासून उलटतपासणीपर्यंत पीडितेजवळ माणूस असे. बाललैंगिक अत्याचारविरोधी 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या नियमांनी मुलांसाठी सहायक व्यक्तीची तरतूद केली.

दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. वर्मा समिती आली आणि 2013 च्या दुरुस्तीने सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांवर मोफत उपचारांची सक्ती केली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला राज्याची ‘मनोधैर्य’ अर्थसाहाय्य योजना सुरू झाली. 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने टू-फिंगर टेस्ट वगळणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि 2015 पासून अत्याचारग्रस्त स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारी ‘सखी’ केंद्रे उघडू लागली. तरीही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. नियम झाला म्हणून सवय जात नाही. ती मोडायला प्रत्येक रुग्णालयात शिकलेली, पगारी, टिकून राहणारी समुपदेशक लागते, आणि तालुक्याच्या ठिकाणी हीच उणीव अजून मोठी आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 397 लागू आहे. त्यानुसार कोणतेही रुग्णालय लैंगिक अत्याचार झालेल्या रुग्णाला तातडीने आणि मोफत प्रथमोपचार किंवा उपचार देण्यास बांधील आहे. उपचारांसाठी आधी गुन्हा नोंदवून यावे लागत नाही. तसे सांगून कोणी परत पाठवत असेल, तर 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा 112 वर फोन करून मदत मागावी.