झाकण

आईनं बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "दादा, हे झाकण काय माझा जीव घ्यायला लावलंय?"

बाटली जातीफलादि चूर्णाची होती. झाकण दाबून फिरवायचं. तळहाताचा भार देऊन खाली दाबलं, तो दाब तसाच ठेवला आणि मग डावीकडे वळवलं, तरच निघतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, संधिवातानं बोटं वाकलेल्या बाईला ते जमत नव्हतं. वर मी तिचा औषधवाला मुलगा. पेठ गावात मेडिकल चालवून मला सत्तावीस वर्षं झाली. गावभराच्या औषधांवर "दिवसातून दोनदा, जेवणानंतर" असं मी लिहून देतो आणि माझ्याच आईला स्वतःची बाटली उघडता येत नाही.

तिची केमोथेरपी संपल्यावर पोट आवरेना आणि झोप लागेना. नाशिकच्या वैद्यांनी हे चूर्ण लिहून दिलं. मी यादी वाचली: जायफळ, लवंग, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, सुंठ, मिरी, पिंपळी, चित्रक आणि भंगा. शार्ङ्गधरानं सांगितलेला हा जुना पाठ. बाकीच्या सगळ्या वनस्पती मिळून जेवढ्या होतील तेवढी एकट्या भांगेची पानं घ्यायची, आणि हे सगळं मिळून जेवढं होईल तेवढी साखर. म्हणजे चमचाभर चूर्णात अर्धा चमचा साखर आणि पाव चमचा भांग. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे शिवरात्रीची?"

हो, तीच. आयुर्वेदात तिचं नाव विजया. भारतात चिठ्ठीवर मिळणारी भांग घरात येते ती बहुधा याच रस्त्यानं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंड्यांपासून सुटी असलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. पण म्हणून कुणी परसात भांग वाळत घालू नये, कारण आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगेचाही समावेश आहे. सुटी भांग वेगळी आणि परवान्याच्या कारखान्यात बनलेलं, बॅच नंबर असलेलं, वैद्यांनी लिहून दिलेलं औषध वेगळं. औषध कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई-१. बचनाग, धोतरा, बिब्बा, कुचला, अफू यांच्या पंक्तीत भांगही बसलेली आहे. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असलं, तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना लेबलावर छापावी लागते. आईच्या बाटलीवर ती होती, इंग्रजीत आणि हिंदीत. आईला दोन्ही वाचता येत नाही.

आपल्याकडे अशी झाकणं तुरळकच. टोरांटोच्या माझ्या भाच्याला फोनवर हे सांगितलं, तर तो हसत सुटला. असल्या झाकणांची सुरुवातच मुळी त्याच्या प्रांतातली. विंडसर गावचे डॉक्टर हेन्री ब्रो यांनी घरातल्या गोळ्या खाऊन दवाखान्यात येणारी मुलं इतकी पाहिली की १९६७ साली दाबून फिरवायच्या झाकणाचा आग्रह धरून ते त्यांनी वापरात आणलं. तीन वर्षांनी अमेरिकेनं त्यासाठी कायदाच केला. त्या झाकणांची परीक्षा कशी घेतात, हे मला फार आवडलं. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हातात बाटल्या देतात. पहिली पाच मिनिटं काहीच सांगत नाहीत, मग एकदा उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. दाखवूनसुद्धा शंभरातल्या ऐंशी पोरांना उघडता आलं नाही, तर झाकण पास. पण तेवढ्यावर भागत नाही. तीच बाटली पन्नास ते सत्तर वर्षांच्या मोठ्यांच्या हातात देतात आणि त्यांतल्या शंभरात नव्वदांना ती उघडता आली पाहिजे. नातवाला बंद आणि आजीला उघडं, असं झाकण हवं. सत्तरीच्या पुढच्या, वाकल्या बोटांच्या आजीचा विचार त्या परीक्षेत नाही. आणि पेठ तालुक्यात खाचरात वाकून आवणी केलेल्या आजीचा तर नाहीच नाही.

तेव्हा आईनं जे केलं ते कुठल्याही शहाण्या बाईनं केलं असतं. एक दिवस नातसुनेकडून बाटली उघडून घेतली आणि सगळं चूर्ण कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओतलं. बरणीचं झाकण सैल, एका बोटानं निघणारं. बरणी ठेवली मांडणीवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, म्हणजे विसरायला नको.

आता पुढचं. आषाढ होता, आवणी चालू होती. धाकट्या ताईचे यजमान, आमचे दाजी, मदतीला आले होते. पहाटे उठून त्यांनी सगळ्यांच्या आधी स्वतःपुरता चहा ठेवला. बरणीत तपकिरी, वेलदोडा-सुंठीच्या वासाची भुकटी दिसली. चहाचा मसाला, आणखी काय असणार? दोन चमचे टाकले. चव जरा कडवट लागली, पण मसाला काही 'लागला' नाही, म्हणून दुसऱ्या कपात आणखी एक. आणि दाजी चिखलात उतरले.

पोटातून घेतलेली भांग सावकाश चढते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. धूर फुफ्फुसातून सरळ रक्तात जातो. गिळलेली भांग आधी आतड्यातून यकृतात जाते, तिथे तिच्यातल्या टीएचसी या द्रव्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप मूळच्यापेक्षा जोरकस असतं. असर दिसायला तासभर लागतो, कधी दोन तास. त्या मधल्या वेळात माणूस "काहीच झालं नाही" म्हणून पुन्हा घेतो. दाजींनी नेमकं तेच केलं. साडेनऊच्या सुमारास ते बांधावर बसले आणि ताईला म्हणाले, "ही रोपं माझ्याकडंच का बघतात?" मग हसत सुटले, मग घाबरले, मग छाती धडधडते म्हणाले. मला फोन आला. मी दुकान पोराच्या हवाली करून गेलो, नाडी पाहिली, कुशीवर निजवलं आणि शेजारी बसून राहिलो. संध्याकाळी सहाला उठून त्यांनी भाकरी मागितली. गावात आजही त्यांना "मसाला दाजी" म्हणतात आणि तेही हसून घेतात.

मला त्या दिवशी हसू आलं नाही. माझी नात चार वर्षांची आहे. गोड लागेल ते ती बोटानं चाटते आणि त्या चूर्णात निम्मी साखर. लहान मुलाला एवढ्या भांगेनं नुसती झोप येत नाही, तोल जातो, शुद्ध हरपते, श्वास मंद होऊ शकतो. मुलानं असं काही खाल्ल्याचा संशय जरी आला, तरी ओकारी काढायच्या भानगडीत न पडता सरळ दवाखाना गाठावा आणि बाटली सोबत न्यावी. आता बाटली म्हणजे कोणती? कॉफीची? डॉक्टरांनी तीवरून काय ओळखायचं?

औषध दुसऱ्या भांड्यात ओतलं की त्याचं नाव मागे राहतं. डोस, तारीख, बॅच, कुणासाठी, कुणी दिलं, सगळं जुन्या बाटलीवर. आमच्या घरात डब्यांना तशी नावं नसतातच. मांडणीवरचा तिसरा डबा म्हणजे मीठ, हे डब्याला नाही, आईला ठाऊक असतं. नागली कणगीत, भाकरी शिंक्यावर, मिरच्या मडक्यात. परका माणूस आला की चुकणारच, आणि आवणीत घर परक्या माणसांनी भरलेलं असतं.

त्यानंतर वैद्यांनी चूर्ण थांबवून विजया तेल दिलं. तिळाच्या तेलात काढलेला पानांचा अर्क, गडद तपकिरी काचेच्या छोट्या बाटलीत, रात्री तीन थेंब. झाकण पुन्हा तसलंच, दाबून फिरवायचं. आता मीही इरेला पेटलो होतो. आईला उघडता येईल, नातीला येणार नाही आणि औषधही बिघडणार नाही, असं भांडं मी शोधून काढणार होतो.

पहिल्यांदा स्टीलची डबी घेतली. उजेड आत जात नाही, हे तिचं बळ. भांगेच्या औषधाला उजेडासारखा शत्रू नाही. लंडनच्या फेअरबेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली साठवणीचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात सगळ्यांत जास्त नुकसान उजेडानं झालेलं दिसलं. अंधारात नीट ठेवलेला माल साध्या तापमानालाही वर्ष-दोन वर्षं बऱ्यापैकी टिकला. उजेडाच्या खालोखाल हवा. हवेनं टीएचसी हळूहळू सीबीएन नावाच्या मवाळ द्रव्यात बदलतं. अमेरिकेत रॉस आणि एलसोहली यांनी खोलीच्या तापमानाला ठेवलेला गांजा मोजला, तर पहिल्या वर्षात सुमारे १७ टक्के आणि चार वर्षांत ४१ टक्के टीएचसी गेलेलं होतं. औषध विषारी होत नाही, नुसतं उतरतं. मग घरातली माणसं म्हणतात, "गुण येईना, एक थेंब वाढव." पुढची ताजी बाटली उघडली की तोच वाढीव थेंब जास्त होतो.

पण स्टीलच्या डबीतून तीन थेंब काढायचे कसे? म्हणून डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवली आणि तीत तेल भरलं. आईला ती दाबायला सोपी गेली. आणि चार दिवसांत ती सकाळी उठेनाशी झाली. एका रात्री दुकान बंद करून मी काऊंटरवर एक मिलिलीटरचं मापक घेऊन बसलो. मूळ ड्रॉपरनं एक मिलिलीटर भरायला २८ थेंब लागले. डोळ्यांच्या बाटलीनं ३९. म्हणजे थेंब लहान होता, औषध कमी जायला हवं होतं. मग सुस्ती कशाची? दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मऊ प्लॅस्टिकची ती बाटली आईच्या ताठ बोटांनी एकदा दाबली की तीन थेंबांऐवजी पिचकारी उडत होती. शिवाय भांगेतली द्रव्यं तेलात विरघळणारी, प्लॅस्टिकला चिकटून बसणारी. सत्तावीस वर्षं मी लोकांना "चमचा बदलू नका" म्हणून सांगतोय.

फ्रिजचा विचार एका पावसातच सोडला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ढग घरात शिरतात. भिंतींना ओल, कपड्यांना बुरा. वीज गेली की दीड-दीड दिवस येत नाही. थंड बाटली दमट हवेत काढली की काचेवर पाणी सुटतं, झाकण उघडलं की ते आत. चूर्णाचं तर दगडी ढेकूळ होतं आणि ढेकळाला बुरशी. शार्ङ्गधर म्हणतो की चूर्णाचा जोर दोन महिन्यांनी उतरतो. त्यानं पेठेचा पाऊस पाहिला नव्हता, तरी अंदाज बरोबर. मांडणी चुलीच्या वर असल्यानं तिथे ऊब आणि धूर. खिडकीत ऊन. राहिली आईची लोखंडी पेटी, जिची किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असते. अंधार, कोरडेपणा, कुलूप, सगळं तिथे जमून आलं. चार दिवसांनी आई म्हणाली, "औषधाला डांबरगोळीचा वास येतोय." पेटीत लुगडी होती.

शेवटी जमलं ते असं. तेल आपल्या मूळच्या बाटलीत, मूळच्या ड्रॉपरसह, लेबल शाबूत. ती बाटली पितळी कडीच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, सोबत गोळ्यांच्या बरणीतून निघणारी ओल शोषणारी पुडी, वैद्यांची चिठ्ठी आणि बिल. डबा पेटीत, डांबरगोळ्या हद्दपार. भांडं बदलायचं असेल तर बाहेरचं बदलावं, आतल्याला हात लावू नये, एवढंच मी आता गिऱ्हाइकांना सांगतो. आणि झाकण? सायकलच्या पंक्चर ट्यूबची दोन बोटं रुंदीची कडी कापून झाकणावर चढवली. रबरानं पकड आली. आई बाटली मांडीत धरते, तळवा ठेवते, अंगाचा भार देते आणि फिरवते. पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिनं नातीकडे असं पाहिलं, जणू कुस्ती मारली.

चिठ्ठी आणि बिल बाटलीबरोबर ठेवायचा हट्ट घाटातल्या प्रवासामुळे. ताईचं घर धरमपूरकडे, आई अधूनमधून जाते. नाशिक-पेठ रस्ता तसाच पुढे गुजरातेत उतरतो. सीमेवर पिशवी तपासली गेली आणि तीत कॉफीच्या बरणीतली वासाची भुकटी निघाली, तर म्हातारीनं काय सांगायचं? लेबलावर परवाना क्रमांक असतो, घटक असतात, चिठ्ठीवर तिचं नाव असतं. जाण्याआधी ती मला विचारते, "कागद ठेवलाय ना?" त्यावर काय लिहिलंय हे तिला वाचता येत नाही, पण कागदाचं वजन कळतं.

मागच्या महिन्यात तेलाची तिसरी बाटली संपली. दुपारी जेवायला घरी गेलो तर ओट्यावर ती बाटली स्वच्छ धुऊन उपडी घातलेली. संध्याकाळपर्यंत तीत मोहरी भरली गेली होती. लेबल तसंच, "विजया" ठळक अक्षरांत, शेजारी देखरेखीची सूचना, आणि आत फोडणीची मोहरी. मी बाटली कोमट पाण्यात बुडवून लेबल नखानं खरवडायला बसलो. आई दारातून म्हणाली, "कशाला खरवडतोस रे? किती चांगलं चिकटलंय ते."