पुनर्जन्म नव्हे, पुनरुत्थान

परवा ऑफिसात एका सहकाऱ्याने विचारलं, "ईस्टर म्हणजे येशूचा पुनर्जन्म ना?" प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पुनर्जन्मात नवा देह, नवं आयुष्य असतं. पुनरुत्थानात माणूस तोच राहतो. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. थोमाला तो त्याच दाखवतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते: जखमा पुसल्या गेल्या नाहीत.

येशूने मरणातून उठवलेला लाजरसही कबरेतून बाहेर आला होता, पण तो पुन्हा याच आयुष्यात परतला. येशू मात्र मरणापलीकडे गेला, आणि त्याच्यामागून आपणही जाऊ, हीच ख्रिस्ती आशा.

आमच्या वसईत ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अग्नी पेटवून त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, आल्फा-ओमेगा, चालू वर्षाचे आकडे आणि येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे असतात. त्या एका ज्योतीवरून बाकापासून बाकापर्यंत उजेड सरकत जातो.

आई गेली त्या वर्षी माझी मेणबत्ती शेजारच्या आजींनी पेटवून दिली. वितळलेलं मेण बोटांवर आलं, तरी हात हलवावासा वाटला नाही.

हीच पास्काची मेणबत्ती अंत्यविधीच्या वेळी शवपेटीजवळ ठेवतात.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते, किंवा आणखी काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.