लहान आंतड्याचे विकार

'लहान आंतडें' हें नांव फसवें आहे. लांबीनें हें मोठ्या आंतड्याच्या चौपट, म्हणजे सुमारें २० फूट असतें. लहान आहे ती केवळ त्याची रुंदी. आपल्या प्राचीन वैद्यांनीं योजिलेला 'ग्रहणी' हा शब्द अधिक अन्वर्थक वाटतो. अन्नाचें ग्रहण करते ती ग्रहणी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत तिच्या दोषांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. आधुनिक शारीरशास्त्राचें म्हणणें फारसें निराळें नाहीं. अन्नाचें सत्त्व शोषून घेण्याचें बहुतेक काम येथेंच होतें. खाल्लेलें, प्यालेलें व शरीरानें स्वतः स्रवलेलें मिळून दिवसाकाठीं आठ-नऊ लिटर द्रव या नळींत उतरतो, आणि त्यांतील बहुतेक ती रक्तास परत करते. हा व्यवहार बिघडला म्हणजे काय होतें, हें आमच्या शहापूर-मुरबाडकडील घरांस आषाढ लागल्यावर निराळें सांगावें लागत नाहीं.

आमच्या भागाची गोष्ट चमत्कारिक आहे. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यांत. पण त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांस वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. तळाशीं गेलेली विहीर, आणि तींत उतरलेला पहिल्या पावसाचा गढूळ लोंढा! हगवणीस याहून अनुकूल काळ तो कोणता? विहिरींत टी. सी. एल. पावडर पडली कीं नाहीं याची चौकशी करणें आणि पिण्याचें पाणी खळखळून उकळणें हें कंटाळवाणें खरें, परंतु त्यास दुसरा उपाय नाहीं.

हगवण लागलेल्या मुलाचें पाणी तोडण्याची चाल अद्यापि सुशिक्षित घरांतूनहि समूळ गेलेली नाहीं. "पाणी दिलें कीं लगेच बाहेर पडतें," असें वडील बायका म्हणतात, आणि त्यांचें निरीक्षण खोटें नाहीं. मीठ-साखरेच्या पाण्यानें जुलाब लागलीच थांबत नाहींत. तें त्यासाठीं द्यावयाचेंच नसतें. मूल दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. आंतड्याची खुबी अशी कीं, कॉलऱ्यासारख्या भयंकर रोगांतहि मीठ व साखर बरोबर आल्यास तीं तें शोषून घेतें आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि आंत ओढलें जातें. १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत कॉलरा पसरला आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं असेंच मिश्रण पिंपांत कालवून तोंडानें पाजविलें. शंभरांत वीस-तीस मरावयाचे, तेथें तें प्रमाण चारांच्या आंत आलें.

ओ. आर. एस.ची पुडी तिजवर छापलेल्या मापाच्या पाण्यांत विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. माप चुकूं देऊं नये. मीठ अधिक झाल्यास लहान मुलास अपाय होतो. चमच्याचमच्यानें पाजावें, ओकल्यास दहा मिनिटें थांबून पुनः द्यावें. आपली मीठ घातलेली तांदळाची पातळ पेजहि उत्तम. अंगावरचें दूध तोडूं नये. सहा महिन्यांवरील मुलास याखेरीज जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी चौदा दिवस देतात. मोठ्यांची जुलाब बंद करणारी गोळी मुलांस मुळींच देऊं नये. आमच्या रानांत कुडा पुष्कळ, व त्याच्या सालीचा लौकिकहि मोठा. तिला मी नांवें ठेवीत नाहीं, परंतु अंगांतून गेलेलें पाणी ती भरून काढीत नाहीं. डोळे खोल गेले, रडतांना आंसवें येईनाशीं झालीं, सहा तास लघवी झाली नाहीं, मूल सुस्त पडलें अथवा शौचावाटे रक्त आलें, तर शहापूर वा मुरबाडचें सरकारी रुग्णालय गांठावें, आणि वाटेंतहि पाजणें चालूं ठेवावें.

दुसरा शत्रु निमूटपणें काम करतो. उघड्यावरील शौचामुळें मातींत मिसळलेल्या अंकुशकृमीच्या अंड्यांतून निघालेली अळी अनवाणी पायाची कातडी भेदून शिरते. रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून घशांत, आणि गिळली जाऊन लहान आंतड्यांत! तेथें भिंतीस चिकटून हे कृमि रक्त पितात. वर्गांत पेंगणारें, पांढुरक्या ओठांचें मूल पुष्कळदां आळशी ठरतें. त्याचें रक्त तपासून पाहावें. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं शाळांतून व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांस अल्बेंडॅझोलची गोळी फुकट मिळते. ती चुकवूं नये. आवणीस चिखलांत उतरणाऱ्या मोठ्या माणसांनींहि डॉक्टरांस विचारून ती घ्यावी; गरोदर स्त्रीनें मात्र विचारल्यावांचून घेऊं नये.

राहतां राहिली महिनोन्महिने रेंगाळणारी हगवण. तिला 'संग्रहणी' म्हणून रोग्यास ताकावर ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ताक पथ्य म्हणून चांगलें, पण निदान झाल्यावर. संध्याकाळीं बारीक ताप, घटणारें वजन आणि उजव्या कुशींत खालीं दुखणें हीं लक्षणें असल्यास लहान आंतड्याच्या शेवटच्या टोंकाशीं क्षय असूं शकतो. त्याचें औषध सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतें, आणि बरें वाटूं लागलें तरी निदान सहा महिने तें नेमानें घ्यावें लागतें. विषमज्वराचे व्रणहि त्याच टोंकास होतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रोग्याच्या पोटांत एकाएकीं असह्य कळ आल्यास आंतड्यास भोंक पडल्याचा संशय धरावा आणि त्याच घटकेस शस्त्रवैद्याकडे न्यावें.