पिळाला उलटा पीळ

श्रावण पौर्णिमेला कर्नाटकात एका दोर वळणाऱ्याची जयंती साजरी होते. नुलिय चंदय्या हे त्यांचं नाव. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, ते तळ्याकाठचं गवत कापत, त्याचे दोर वळत, बाजारात विकत आणि आलेल्या पैशातून जंगमांचा दासोह, म्हणजे लिंगायत साधूंचं अन्नदान, चालवत. मराठी आणि कन्नड या मुलखात एकाच बांधावर बोलल्या जातात, आणि दोराचा धंदाही दोन्ही भाषांत सारखाच चालत आला.

चंदय्यांची कथा मला फार मोलाची वाटते. गवत कापताना त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग पाण्यात पडलं. ते शोधायला चंदय्या थांबले नाहीत. भारा उचलून कामाला लागले. लिंगच मागे आलं आणि ‘मला पुन्हा धारण कर’ म्हणून विनवू लागलं. बसवण्णांचे सहकारी मडिवाळ माचय्या यांनी मध्यस्थी केली, तेव्हा कुठे समेट झाला. तोही लिंगाने दोर विकून कायकाला, म्हणजे कष्टाच्या कामाला, हातभार लावायचा, या अटीवर. ‘शून्यसंपादने’ या कन्नड वचनग्रंथात चंदय्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. देवापेक्षा हातातलं काम मोठं, हे इतक्या ठामपणे सांगणारी कथा दुसरी मला ठाऊक नाही.

या भागात दोराचं मुख्य पीक अंबाडी होतं. कन्नड घरांत तिची पुंडीपल्ल्या होते, मराठी घरांत कण्या घालून भाजी. पाला खाऊन झाला की ताट वाढू द्यायचं, फुलावर आलं की कापायचं, पेंढ्या बांधून नाल्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांत साल सैल होते. त्या कुबट वासाच्या पाण्यात उभं राहून ती सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. हा झाला वाख. पिढ्यान् पिढ्या हे काम प्रामुख्याने मातंग समाजाने केलं. बलुत्याच्या पेंढीवर कासरे, दावी, वेसणी, चऱ्हाटं, मोटेचा नाडा अशी सगळ्या गावाची दोरी त्यांच्या हातून गेली, आणि त्याच गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं. या कसबाबद्दल लिहिताना हे वगळून चालणार नाही.

वळताना जवळून पाहावं. वाखाची पुंजी पायाच्या अंगठ्यात धरलेली असते. दोन पदर मांडीवर तळव्याखाली एकाच दिशेने घोळवले जातात. पीळ इतका भरतो की सैल सोडताच पदर वेडावाकडा आकसतो. मग दोन्ही पदर शेजारी आणून हात उलट दिशेला फिरतो. प्रत्येक पदर उलगडायला बघतो आणि त्या उलगडण्याच्या ओढीनेच दुसऱ्याभोवती आवळला जातो. दोर टिकतो तो या भांडणावर. गाठ नाही, डिंक नाही. पदर संपत आला की नवी पुंजी आधीच्या वाखात अशी मिसळायची, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. लांब चऱ्हाटाला तीन पदर आणि तीन माणसं लागतात, तत्त्व मात्र हेच.

हेच तत्त्व हजारो मैलांवरच्या ट्राउट मासेमारीत भेटतं. पिसांची खोटी माशी गळाला बांधून पाण्यावर फेकतात, ते फ्लाय फिशिंग. माशीला वजन जवळपास नसतंच. ती जाते जड दोरीच्या झोकावर, आणि दोरी व माशी यांच्यामध्ये निमुळता दुवा लागतो. त्याला लीडर म्हणतात. हौशी मंडळी तो घरीच वळतात: फळीवर खुंट्या ठोकून त्यांवरून बारीक दोरा असा फिरवतात, की एका टोकाला पदर भरपूर आणि दुसऱ्या टोकाकडे टप्प्याटप्प्याने कमी व्हावेत. अशा दोन बाजू वेगवेगळ्या पिळायच्या, मग एकत्र आणून उलट्या वळू द्यायच्या. आयझॅक वॉल्टनचा मासेमारीवरचा ग्रंथ ‘द कंप्लीट अँगलर’ 1653 मध्ये निघाला, त्या काळी हे काम घोड्याच्या शेपटीच्या केसांनी होई; गळाकडे मोजके केस, काठीकडे वाढत जाणारे.

आपल्याकडे पोतराजाचा कोरडा, म्हणजे आसूड, पाहा. मुठीजवळ जाडजूड, शेवटाला निमुळता. हाताचा जोर बारीक होत जाणाऱ्या दोरातून टोकाला वेग होऊन पोहोचतो, म्हणूनच त्याचा कडाका उठतो. लीडर माशीला अलगद उतरवतो, कोरडा हवा फोडतो. निमुळतेपणाचं गणित दोघांचं एकच. कोरडा वळणाऱ्याने ते कुठल्याही फळीवाचून, केवळ बोटांच्या अंदाजाने सोडवलं आहे. मला हे मोठं कौशल्य वाटतं.

1938 मध्ये ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं. पुढे लीडरही नायलॉनचे होऊ लागले, आणि आपल्या बाजारांत रंगीत नायलॉनचे कासरे आले. ते स्वस्त असतात, पावसात कुजत नाहीत. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण बैलाच्या नाकात नायलॉनची वेसण काचते, तिथे मऊ वाखच हवा. मोट गेली, बैल कमी झाले, अंबाडी भाजीपुरती उरली. परदेशात मात्र लीडर वळणारे आपली फळी, पदरांची मोजणी, दोऱ्याची जाडी सगळं लिहून ठेवतात. आपल्याकडच्या वळणाऱ्यांची मोजणी कुणी लिहून घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या गावात दोर वळणारं कुणी असेल, तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. किती पुंजी, किती पदर, कुठे कमी करायचे, ते त्यांच्या नावानिशी लिहून घ्या. आणि पोळ्याच्या बाजारात वाखाची वेसण दिसली, तर घासाघीस न करता सांगितलेला भाव द्या.