गाईची बारस, वाघाची बारस

आज आश्विन वद्य द्वादशी. दिवाळीची पहिली पणती आज उंबरठ्यावर लागेल. दिवेलागणीच्या सुमारास घरची सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालील, हळदकुंकू वाहील, गळ्यात झेंडूची माळ घालील आणि उडदाच्या वड्यांचा घास तिच्या मुखी देईल. ज्या घरी हे व्रत निष्ठेने चालते, त्या घरी आज गहू-मूग वर्ज्य. गाईचे दूध, तूप, ताकही वर्ज्य. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी एवढाच आहार. आजचे दूध वासराचे, ही त्यामागची साधी आणि थोर कल्पना. शहरात गोठे उरले नाहीत म्हणून कोणी पाटावर गाय-वासराची रांगोळी काढतो, कोणी मातीची किंवा पितळेची मूर्ती पुजतो, कोणी गोशाळेच्या दारी रांगेत उभा राहतो. व्रत टिकले आहे.

परंतु ह्याच तिथीला सह्याद्रीच्या माथ्यावरील वाड्यावस्त्यांत जे पूजन होते, त्याची वार्ता आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी गेली असेल. तेथे आजच्या दिवसाला वसुबारस म्हणत नाहीत, वाघबारस म्हणतात. आपण गाईला ओवाळतो त्या दिवशी ती माणसे गाईला खाणाऱ्या वाघाची पूजा बांधतात. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला हा विपर्यास वाटला होता. तो विपर्यास नव्हे, हे तेथे जाऊन बसल्यावर उमगले.

अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका नकाशात पाहिला, तर पूर्वेस उसाचा हिरवा पट्टा आणि पश्चिमेस नुसते डोंगर दिसतात. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, ह्याच बाजूला, हरिश्चंद्रगड येथलाच, रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावणारी प्रवरा येथूनच खाली उतरते आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात विसावते. धरणाचे पाणी खालच्या गावांना गेले, ऊस पिकला, साखर झाली. वरच्या वाड्यांच्या वाट्याला पाऊस राहिला. तोही कसा! त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर शेतकरी देवाला नारळ फोडतो. घाटघर-रतनवाडीकडे त्याच्या कितीतरी पट पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मार्गशीर्ष उलटला की बायाबापड्या हंडे घेऊन झरे शोधू लागतात.

येथील वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. उतारावर नाचणी, वरई आणि खुरासणी, खाचरांत भात. आम्ही गेलो ते दिवस आश्विनअखेरचेच होते. खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी डोंगरउतार रंगले होते, हळवे भात कापून झाले होते, गरवे अजून उभे होते. वाडीचे नाव येथे देत नाही. असल्या वाड्या पुष्कळ आहेत आणि एकीचे सांगितलेले सर्वांस लागू पडेल.

ह्या शेतीत गुरांचे स्थान काय, हे सांगितल्यावाचून वाघबारस समजावयाची नाही. मैदानी शेतकऱ्याला बैल नांगराला लागतो, गाय दुधाला लागते. डोंगरात गुरे त्याहून अधिक लागतात. ती शेणासाठी लागतात. भाताची रोपे जेथे वाढवावयाची, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेणगोवऱ्या, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि वर माती असे थर रचून ते भाजतात. ह्याला राब म्हणतात. राब भाजला की तण मरते, जमीन भुसभुशीत होते आणि राखेच्या बळावर रोप तरारून वर येते. मग मृगाचा पाऊस, चिखलणी आणि आवणी. गोठ्यात गुरे नाहीत तर शेण नाही, शेण नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही. खताचे पोते हल्ली दुकानात मिळते हे खरे; पण पोत्याला पैसा लागतो आणि गाईला रान पुरते.

ती गायही ह्याच मातीची. डांगी म्हणून ती ओळखली जाते. अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि पट्टे, कातडीवर तेलाचा हात फिरविल्यासारखी तुकतुकी. तिच्या कातडीतून स्निग्ध द्रव पाझरतो, त्यावरून पावसाचे पाणी ओघळून जाते, आणि म्हणून जेथे दुसरी जनावरे चार दिवसांत गारठून मरतील, तेथे ही चार महिने भिजत चरते. खूर कठीण; खडकाळ वाटेवर झिजत नाहीत. राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तेथे ह्या देखण्या जातीचे वळू पाहिले की माणूस नजर हलवू शकत नाही.

तर अशी ही गुरे सकाळी सोडावयाची आणि घोंगडी किंवा इरले पांघरून दिवसभर रानात त्यांच्यामागे हिंडावयाचे, हे काम गुराख्याचे. गुराखी म्हणजे बहुधा दहा-बारा वर्षांचे पोर. हातात काठी, कमरेला भाकरीचे फडके, आणि समोर ज्या रानात गवत आहे त्याच रानात वाघ. ह्या पोरांनी वाघाशी काही बोलणे करून ठेवलेले असावे, हे ओघानेच आले. वाघबारस म्हणजे ते बोलणे.

त्या दिवशी सकाळपासून गुराखी पोरे घरोघर फिरत होती. कोणी पसाभर तांदूळ घातले, कोणी गुळाचा खडा दिला, कोणी दूध. त्या सकाळचे दूध वाडीत कोणी विकले नाही. गावाच्या शिवेवर, जेथे शेत संपते आणि रान सुरू होते तेथे, एका जुन्या झाडाखाली वाघोबाचे ठाणे होते. देऊळ म्हणावे असे काही नव्हते. शेंदूर चढून चढून आकार पुसट झालेला एक पाषाण; लक्ष देऊन पाहिले तर शेपटी पाठीवर वळविलेला वाघ त्यात दिसे. कोठे कोठे हाच देव लाकडावर कोरलेला असतो आणि त्याच्या वर सूर्य-चंद्र असतात. पोरांनी दगड धुतला, शेंदूर लावला, नारळ वाढविला. तीन धोंड्यांच्या चुलीवर दूध, तांदूळ आणि गूळ घालून खीर शिजली. काही ठिकाणी कोंबड्याचाही मान असतो. येथे खिरीवर भागले. पुजारी म्हणून कोणी वेगळा नव्हता. गुरे राखणारा तोच पुजारी.

आपल्याकडे आज व्रतस्थ स्त्री गाईच्या दुधाला स्पर्श करीत नाही आणि तेथे तेच दूध वाघाच्या पुढ्यात ठेवले जाते, हा विचार आमच्या मनात घोळत होता. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांस आम्ही विचारले, "बाबा, गाईची पूजा करायची सोडून तुम्ही वाघाची का करता?" ते हसले. म्हणाले, "गाईची तर रोजच व्हती की. शेण काढनं ही पूजाच हाये. वाघाचा येकच दिस." थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाले, "त्येला मागायचं काय? येवढंच, तू तुझ्या रानात ऱ्हा, आमी आमच्या शिवारात ऱ्हातो. येखादं ढोर नेलंस तर नेलंस. पोराला हात लावू नको."

ह्या तीन वाक्यांत जेवढा व्यवहार आहे तेवढीच श्रद्धा आहे. आम्हांला तेथे बसल्या बसल्या कालिदासाच्या रघुवंशातील दिलीप राजा आठवला. वसिष्ठांच्या नंदिनीला रानात चारावयास नेणारा चक्रवर्ती राजा, म्हणजे एका अर्थी गुराखीच! सिंहाने नंदिनीवर झडप घातली तेव्हा त्याचा हात भात्यावरच खिळून राहिला. अखेर त्याने गाईच्या बदली स्वतःचा देह देऊ केला. तो सिंह राक्षस नव्हता, शंकराचा सेवक होता, ही त्या कथेतील गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. गाय देवाची आणि तिच्यावर झेप घेणाराही देवाचाच. मधे उभा आहे तो माणूस. कवीने जे काव्यात पाहिले ते ह्या डोंगरातल्या पोरांनी काव्य न वाचता मांडले आहे.

नैवेद्य झाल्यावर खेळ झाला. एक पोरगा वाघ झाला, दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. बाकीच्यांनी त्यांस घेरून दरडावून विचारले, आमच्या शिवारात पुन्हा येशील काय? वाघाने कान धरून नाही म्हणावयाचे आणि पळत सुटावयाचे. मागून सगळ्यांनी आरोळ्या ठोकीत त्याला शिवेबाहेर घालवावयाचे. वाघ झालेले पोर अमळ लबाड होते. त्याने दोनदा "येईन" म्हटले आणि खिरीचा जास्तीचा द्रोण पदरात पाडून घेतल्यावर मगच "नाही" म्हणाले. म्हाताऱ्यांनाही हसू आवरेना.

हे सारे वाचून कोणास वाटेल की हा केवळ जुन्या काळचा अवशेष आहे, कारण पट्टेरी वाघ ह्या डोंगरांतून केव्हाच नाहीसा झाला. तो गेला, त्याचा धाकटा भाऊ राहिला. बिबट्याला ह्या वाड्यांत वाघच म्हणतात. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. पण बिबट्याने रानाची शीव मानली नाही, आणि माणसानेही नाही. धरणांच्या पाण्यावर खाली ऊस वाढला, त्या उसात बिबट्याने घर केले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच अकोले तालुक्याच्या बागायती भागात अभ्यास करून २०१३ साली दाखवून दिले की दाट लोकवस्तीच्या त्या शेतांत शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच बिबटे नांदत आहेत. त्या काळात तेथे माणसांवर प्राणघातक हल्ले झाले नव्हते. सगळीकडे असे भाग्य लाभले नाही. शेजारच्या जुन्नर आणि शिरूर तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. ज्या मातेचे मूल अंगणातून उचलले गेले तिला वाघोबाच्या सौहार्दाच्या गोष्टी सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वाडीतले लोकही करीत नाहीत. पूजा बांधतात आणि रात्री पोरांना एकटे बाहेर सोडीत नाहीत, दोन्ही करतात.

पालघर-ठाण्याकडील वारली समाजातही हाच वाघोबा आहे. तेथील व मुंबई उपनगरांतील दीडशेच्या आसपास ठाण्यांची नोंद अभ्यासकांनी केली असून ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. नोंद झाली हे चांगलेच. पण ज्या गोष्टींची मोजदाद सुरू होते त्या बहुधा ओसरू लागलेल्या असतात, ही शंका मनात येतेच.

वाडीत ती शंका खरी ठरावी अशी चिन्हे होती. पूर्वी घराघरात दहा-पंधरा गुरे असत. आता दोन-तीन, काही दारी एकही नाही. भात काढून झाला की निम्मी वाडी नारायणगावच्या बाजूला टोमॅटो-कांद्याच्या कामाला जाते. सकाळी चौकात उभे राहावयाचे, बागायतदाराने यावे, मजुरी ठरावी, टेंपोत बसावे. गोठ्यातले जनावर कोणाच्या भरवशावर ठेवणार? म्हणून ते विकले जाते. आणि गुराखी पोरे आश्रमशाळेत गेली. ह्याबद्दल हळहळणारे काही सज्जन आम्हांला भेटतात. आम्ही त्यांच्यातले नव्हे. रानात भिजत गुरे राखणाऱ्या पोराच्या हाती पुस्तक आले, ह्यात वाईट वाटण्याजोगे काय आहे? वाघोबालाही त्याचे वाईट वाटत नसावे.

आणि सगळेच ओसरते आहे असेही नाही. ह्याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान वाणांची बी-बियाणी मडक्यांत, राखेत जपून ठेवली, वाटली, त्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. बी सांभाळणे हेही व्रतच होते, फक्त त्याची तिथी पंचांगात नव्हती.

पण प्रश्न उरतोच आणि तो आम्ही बाबांना विचारला. गुरे नाहीत, गुराखी नाहीत, तर वाघबारस कोण करील? ते बराच वेळ गप्प होते. मग शिवेकडे बोट करून म्हणाले, "सुट्टी लागली का पोरं येत्यात. गुरं राखली न्हाईत त्यांनी, पर वाघ हाये म्हनून ठावं हाये." त्या दिवशी वाघ झालेले पोर आश्रमशाळेत सातवीला होते. आदल्या संध्याकाळी एस्. टी.ने उतरले होते आणि अंगात शाळेचाच सदरा होता.

उन्हे कलली तशी वाडीतली उरलीसुरली गुरे उतारावरून खाली येऊ लागली. अकरा मोजली आम्ही. बाबांच्या दारात त्यांची सून ताटात दिवा घेऊन उभी होती. पुढे डांगी गाय, मागे तिचे ठिपकेदार वासरू. सुनेने गाईच्या पायांवर पाणी घातले, कपाळी कुंकू लावले आणि ओवाळले. तेवढ्यात आतून बाबांनी आवाज दिला, "पोरी, शिवंवर दिवा ठिवलास का?" तिने ताट तसेच हातात धरले, वासराला दावणीला अडकविण्यास धाकट्या दिराला खुणावले, आणि दुसरी पणती पदराआड धरून रानाच्या दिशेने चालू लागली.